एकच माल, दोन भाव

एके काळीं आपल्या देशांतल्या पुष्कळ बाजारपेठांत कापसाचा आणि धान्याचा भाव तोंडानें बोलला जात नसे. अडत्या आणि खरेदीदार आपले हात रुमालाखालीं झांकून घेत आणि एकमेकांचीं बोटें दाबून सौदा ठरवीत. ज्याचा माल विकावयाचा तो शेतकरी शेजारींच उभा असे. परंतु त्या रुमालाखालीं काय ठरलें हें त्याला दिसत नसे, आणि पलीकडच्या गाडीवाल्याला काय भाव मिळाला हें तर त्याला क्वचितच कळे. प्रत्येक वेळीं फसवणूक होतच होती असें नाहीं. परंतु ती झाली किंवा नाहीं हें पडताळून पाहण्याचें साधनच त्याच्या हातीं नव्हतें. हा रुमाल दूर झाला तो व्यापार्‍यांच्या औदार्यानें नव्हे, तर कायद्यानें. वर्‍हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. मुंबई इलाख्यानें १९२७ सालीं कापूस बाजारांचा कायदा केला. १९२८ सालीं शेतकीविषयक रॉयल कमिशननें अशा बाजारांची शिफारस केली, आणि १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत एकंदर शेतमालासाठीं कायदा झाला. नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारांत आज उघड लिलाव हाच नियम मानला जातो, त्याच्यामागें हा सगळा इतिहास आहे.

श्रोतेहो, ही जुनी हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, तोच प्रश्न आतां एका अगदीं नव्या मालाच्या बाबतींत आपल्यापुढें उभा राहिला आहे. तो माल म्हणजे संगणकाची आज्ञावली. सर्वांच्या तोंडीं असलेल्या शब्दांत सांगावयाचें तर सॉफ्टवेअर आणि ॲप. एकच ॲप, एकच सेवा, एका यंत्रावर एका किंमतीला आणि दुसर्‍या यंत्रावर दुसर्‍या किंमतीला कां मिळावी? दोघां गिर्‍हाइकांनीं एकाच वेळीं एकच वस्तु मागितली असतां त्यांच्या हातांतील पडद्यांवर निरनिराळे भाव कां दिसावे? यांतला कोणता फरक वाजवी आणि कोणता गैरवाजवी? एवढ्या प्रश्नांचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

नंदुरबार जिल्ह्यांतील श्रोत्यांस हा विषय मुंबई-पुण्याचा वाटण्याचा संभव आहे. परंतु तसें समजण्याचें कारण नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली आणि तींत शेंकडा ६९ हून अधिक लोक आदिवासी होते. अक्कलकुवा आणि धडगांवकडील सातपुड्याच्या पहाडांत आजही फोनची रेघ शोधीत टेकडीवर चढावें लागतें. परंतु आधार क्रमांकांचें देशांतलें पहिलें वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजीं झालें तें याच जिल्ह्यांतल्या टेंभली गांवीं. त्यानंतरच्या वर्षांत शिधा, शिष्यवृत्ति, बँकेचें खातें, परीक्षेचा अर्ज आणि नोकरीची जाहिरात हीं एकामागून एक संगणकावर गेलीं. ज्या घरांत एकच फोन आहे, आणि तोच मुलाची पाटी, बापाचें पासबुक आणि सर्वांचा रेडिओ झाला आहे, त्या घराला महिन्याकाठीं दोनशें-अडीचशें रुपये अधिक गेले काय आणि वांचले काय, हा क्षुल्लक प्रश्न नव्हे.

प्रथम 'प्लॅटफॉर्म' हा शब्द समजून घेऊं, कारण सगळा वाद त्याच्याभोंवतीं आहे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नंदुरबार स्टेशनांतून गाडींत चढावयाचें झालें, तर फलाटावरूनच जावें लागतें. आज्ञावलींचेंही तसेंच आहे. टेबलावरच्या संगणकावर विंडोज, मॅक किंवा लिनक्स यांपैकीं एक मूळ व्यवस्था बसविलेली असते. हातांतल्या फोनवर अँड्रॉइड किंवा आयफोनची व्यवस्था असते. इतर सर्व आज्ञावली या मूळ व्यवस्थेच्या फलाटावर उभ्या राहून काम करतात. एका फलाटासाठीं तयार केलेली आज्ञावली दुसर्‍या फलाटावर बहुधा जशीच्या तशी चालत नाहीं. ती पुन्हां लिहावी लागते, तपासावी लागते आणि वेळोवेळीं दुरुस्त करावी लागते. एखाद्या फलाटावर गिर्‍हाइकें थोडीं असलीं, तर हा खर्च थोड्यांवर वांटला जातो आणि दरडोई अधिक पडतो. तेव्हां निरनिराळ्या यंत्रांवरील किंमतींत कांहीं फरक पडणें हें स्वाभाविक आहे, हें आरंभींच मान्य केलें पाहिजे.

परंतु एवढ्यानें सर्व फरकाचा उलगडा होत नाहीं. त्यासाठीं या मालाचा स्वभावच पाहिला पाहिजे. नंदुरबारची मिरची घ्या. प्रत्येक क्विंटल मिरचीमागें लागवड, तोडणी, पथारीवर वाळवण आणि वाहतूक हा खर्च नव्यानें येतो. म्हणून तिची किंमत त्या खर्चाच्या फार खालीं जाऊं शकत नाहीं. सारंगखेड्याच्या यात्रेंतील घोडे घ्या. एक घोडा दुसर्‍यासारखा नसतो. चाल, रंग, वय आणि लक्षणें वेगळीं, म्हणून प्रत्येकाचा सौदा वेगळा होतो आणि त्यांत कोणी अन्याय मानीत नाहीं. आज्ञावली या दोहोंपेक्षां निराळी आहे. तिची पहिली प्रत तयार करण्यास अपार खर्च येतो. परंतु दुसरी प्रत, दहावी प्रत किंवा लाखावी प्रत काढण्यास जवळजवळ कांहींच लागत नाहीं. शिवाय या सर्व प्रती घोड्यांसारख्या वेगळ्या नसून अगदीं एकसारख्या असतात. मग अशा मालाची किंमत ठरवावयाची कशावरून? उत्पादनाच्या खर्चावरून ती ठरत नाहीं. ती ठरते गिर्‍हाइकाच्या खिशावरून. कोण किती देऊं शकेल याचा अंदाज घेऊन ज्याच्याकडून जितकें मिळेल तितकें घ्यावें, असा मोह विक्रेत्यास पडतो; आणि हातांतलें यंत्र हा त्या खिशाचा अंदाज बांधण्याचा सोपा मार्ग असतो.

हा मोह नवा नाहीं. फ्रान्समधील ड्युप्वी नांवाच्या एका इंजिनिअरानें १८४९ सालीं आगगाडीच्या डब्यांविषयीं एक मार्मिक निरीक्षण लिहून ठेवलें आहे. तिसर्‍या वर्गाच्या डब्यांना त्या काळीं छप्पर नसे. छप्पर घालण्यास फार खर्च येत होता म्हणून नव्हे. तर ज्यांना दुसर्‍या वर्गाचें भाडें परवडतें त्यांनीं स्वस्तांत तिसर्‍या वर्गानें जाऊं नये म्हणून गरिबाला मुद्दाम उन्हापावसांत बसविलें जाई, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. संगणकाच्या क्षेत्रांतही याचें उदाहरण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज एक्सपीची 'स्टार्टर' नांवाची एक स्वस्त आवृत्ति २००५ च्या सुमारास आपल्या देशांत आणली होती. तिच्यांत एका वेळीं तीनच आज्ञावली उघडतां येत. तीनांवर चौथी उघडण्यास यंत्र असमर्थ होतें असें नव्हे. तें दार मुद्दाम बंद केलेलें होतें. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यानें १९२० सालीं आपल्या ग्रंथांत अशा भेदभावाचे तीन प्रकार सांगितले: प्रत्येक माणसागणिक वेगळा भाव, घेतलेल्या मालाच्या प्रमाणाप्रमाणें वेगळा भाव, आणि गिर्‍हाइकांचे गट पाडून प्रत्येक गटास वेगळा भाव. आज पडद्यावर दिसणार्‍या बहुतेक युक्त्या या तिहींपैकीं एकींत बसतात.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वेगळा भाव म्हणजे अन्यायच, असें म्हणून चालणार नाहीं. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एस. टी. गाड्यांत स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. तोही एकाच गाडींतला वेगळा भावच. विद्यार्थ्यांस आज्ञावली कमी दरानें मिळतात, तो वेगळा भाव. नेटफ्लिक्स कंपनीनें जुलै २०१९ मध्यें आपल्या देशांत केवळ फोनवर पाहण्यासाठीं महिना १९९ रुपयांची वर्गणी काढली आणि डिसेंबर २०२१ मध्यें ती १४९ रुपयांवर आणली; मोठ्या पडद्यावर पाहणार्‍यास याहून अधिक द्यावे लागत. हा उघडउघड यंत्रावरून केलेला भेद होता. परंतु ज्याच्याजवळ फक्त फोन आहे अशा माणसाला त्यानें लाभच झाला.

मग न्याय आणि अन्याय यांमधील रेघ कोठें ओढावयाची? मला वाटतें, तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, भाव सर्वांस उघड दिसतो काय? दुसरी, फरकाचें कांहीं सांगण्याजोगें कारण आहे काय? आणि तिसरी, ज्याला भाव महाग वाटतो त्याला दुसर्‍या दारानें जाण्याची मोकळीक आहे काय? एस. टी.ची सवलत या तिन्ही कसोट्यांना उतरते. फोनची वर्गणीही उतरते. आतां जीं उदाहरणें या कसोट्यांना उतरत नाहींत, तीं पाहूं.

फोनवर ॲप घ्यावयाचें तर तें फलाटाच्या मालकाच्या दुकानांतूनच घ्यावें लागतें, असा आयफोनचा आपल्याकडील नियम आहे. अँड्रॉइडवर इतर मार्ग असले तरी बहुतेक लोक गूगलच्या दुकानांतच जातात. ॲपलचें हें दुकान १० जुलै २००८ रोजीं उघडलें, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक विक्रीवर शेंकडा ३० हिस्सा दुकानदाराचा, असा दर ठरला. पुढें लहान विक्रेत्यांसाठीं आणि जुन्या वर्गण्यांसाठीं तो १५ वर आला. दुकानदाराचें म्हणणें असें कीं, आम्ही माल तपासतों, पैशाची सुरक्षितता पाहतों आणि जगभर माल पोंचवितों. त्याचा हा मोबदला आहे. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. अडत्याही कांहीं सेवा करीतच असतो. प्रश्न आहे तो अडतीच्या दराचा, आणि ती अडत शेवटीं कोणाच्या खिशांतून जाते याचा.

एक ढोबळ हिशेब करून पाहूं. ट्विटर, ज्याचें नांव पुढें एक्स झालें, त्या कंपनीनें फेब्रुवारी २०२३ मध्यें आपल्या देशांत एक वर्गणी सुरू केली. संकेतस्थळावरून घेतली तर महिना ६५० रुपये. फोनमधल्या ॲपमधून घेतली तर ९०० रुपये. सेवा तीच, माणूस तोच, फरक अडीचशें रुपयांचा. वर्षाचे झाले तीन हजार. आतां कर बाजूस ठेवून पाहा. ९०० रुपयांतून शेंकडा ३० गेले तर २७० रुपये दुकानदाराचे आणि ६३० विक्रेत्याचे. म्हणजे विक्रेत्यास संकेतस्थळावर मिळतात जवळजवळ तितकेच उरले. आयफोनपुरता फरकाचा उलगडा झाला. परंतु अँड्रॉइडच्या दुकानाचा वर्गण्यांवरचा जाहीर दर २०२२ पासून शेंकडा १५ होता. त्या दरानें १३५ रुपये वजा जातात आणि विक्रेत्याच्या हातीं ७६५ उरतात. संकेतस्थळापेक्षां ११५ रुपये अधिक. तरी गिर्‍हाइकाकडून घेतलेली किंमत दोन्ही फोनांवर एकच, ९०० रुपये! यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. नाक्यावरची जकात हें भाव वाढविण्याचें खरें कारण असूं शकतें. तसेंच तें एक सोयीस्कर निमित्तही होऊं शकतें. कोणतें कोठें, हें आंकडे मांडल्यावांचून कळत नाहीं.

परंतु माझ्या मतें खरा अन्याय या अडीचशें रुपयांतही नाहीं. तो आहे पुढच्या गोष्टींत. हेंच शेजारच्या दारीं स्वस्त मिळतें, असें विक्रेत्यानें गिर्‍हाइकाला आपल्याच ॲपमध्यें सांगावयाचें नाहीं, असा निर्बंध दुकानाच्या मालकानें घातला होता. संगीत ऐकविणारी स्पॉटिफाय ही कंपनी एके काळीं अमेरिकेंत संकेतस्थळावर ९.९९ डॉलर आणि आयफोनमधून १२.९९ डॉलर घेत असे. ज्याला हें ठाऊक नव्हतें तो दरमहा तीन डॉलर अधिक देत राही, आणि ॲपमध्यें त्याला तें सांगण्याची मुभा नव्हती. ४ मार्च २०२४ रोजीं युरोपीय आयोगानें या निर्बंधाबद्दल ॲपलला १८० कोटि युरोंहून अधिक दंड ठोठावला. अमेरिकेंतही १० सप्टेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें असा निर्बंध चालणार नाहीं असें ठरविलें, आणि एप्रिल २०२५ मध्यें तो आदेश प्रामाणिकपणें पाळला नाहीं असा ठपका त्याच कंपनीवर ठेवला. रुमाल तो हाच. भाव अधिक असणें हा एक दोष. परंतु दुसरा भाव अस्तित्वांत आहे हेंच गिर्‍हाइकापासून लपविणें हा त्याहून मोठा दोष होय.

आपल्या देशांत हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढें गेला. २५ ऑक्टोबर २०२२ रोजीं आयोगानें गूगलला त्याच्या दुकानाच्या नियमांबद्दल ९३६.४४ कोटि रुपयांचा दंड केला आणि विक्रेत्यांस पैसे घेण्याचे इतर मार्ग मोकळे ठेवण्यास बजावलें. २८ मार्च २०२५ रोजीं अपील न्यायाधिकरणानें दंडाचा आंकडा २१६.६९ कोटींवर आणला. परंतु कंपनीनें आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला हा निष्कर्ष मुख्यतः कायम राहिला. ॲपलच्या नियमांचीही चौकशी करण्याचा हुकूम आयोगानें ३१ डिसेंबर २०२१ रोजीं दिला होता. हे वाद केवळ कागदावरचे नाहींत. १ मार्च २०२४ रोजीं शुल्काच्या तंट्यावरून गूगलनें कांहीं भारतीय कंपन्यांचीं ॲप दुकानांतून काढून टाकलीं. त्यांत विवाहाचीं स्थळें जुळविणारीं होतीं, नोकर्‍या शोधून देणारींही होतीं. सरकारनें मध्यस्थी केली आणि थोड्याच दिवसांत तीं परत आलीं. परंतु फलाटाच्या मालकानें दार लावलें तर गाडी कशी अडते, हें त्या चार दिवसांत सर्वांस दिसलें.

दुसरें उदाहरण अधिक गाजलें, आणि त्याविषयीं बोलतांना जपून बोललें पाहिजे. एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणीं जाण्यासाठीं टॅक्सी मागविली असतां आयफोनवर अधिक आणि अँड्रॉइडवर कमी भाडें दिसतें, अशा तक्रारी पुष्कळ झाल्या. जानेवारी २०२५ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ओला आणि उबर या कंपन्यांस नोटिसा पाठविल्या. फोनच्या जातीवरून आम्ही भाडें ठरवीत नाहीं, असें दोन्ही कंपन्यांनीं सांगितलें. दोन फोनांचीं दोन छायाचित्रें शेजारीं ठेवून हा आरोप सिद्ध होत नाहीं, हेंही समजून घेतलें पाहिजे. टॅक्सीचें भाडें मागणीप्रमाणें क्षणोक्षणीं बदलतें. अर्ध्या मिनिटाच्या अंतरानेंही तें वेगळें दिसूं शकतें. एकाला पूर्वीची कांहीं सवलत लागू असेल, दुसर्‍याला नसेल. खरी परीक्षा करावयाची तर एकाच क्षणीं, एकाच जागेवरून, एकाच ठिकाणासाठीं, सारखीं खातीं असलेल्या दोन फोनांवर भाडें पाहिलें पाहिजे; मग फोनांवरचीं खातीं आलटून पालटून पाहिलें पाहिजे; आणि असें एकदां नव्हे, शेंकडों वेळां केलें पाहिजे.

आतां असा प्रयोग शहाद्याचा किंवा तळोद्याचा सामान्य मनुष्य कसा करणार? तो करूं शकत नाहीं, आणि अडचण आहे ती नेमकी येथेंच. लिलावाच्या ओट्यावर शंभर माणसें एकच भाव ऐकतात. दुकानाच्या फळीवर लिहिलेला दर येणाराजाणारा प्रत्येक जण वाचतो. फोनच्या पडद्यावरचा भाव मात्र एकटाच मनुष्य पाहतो, आणि शेजार्‍याला काय दिसलें याचा त्याला पत्ता नसतो. कंपन्या निर्दोष असतील तर उघड हिशेबानें त्यांची अब्रूच वाढेल. दोषी असतील तर त्या उघडकीस येतील. म्हणून भाव ठरविण्याची रीत तपासण्याचा भार गिर्‍हाइकावर न ठेवतां तो सरकारी यंत्रणेनें उचलला पाहिजे.

आपल्या कायद्यांत या मागणीस आधार आहे. १८९० च्या रेल्वेच्या कायद्यानें एकाच्या मालाला गैरवाजवी झुकतें माप देण्यास आणि दुसर्‍याची गैरसोय करण्यास रेल्वे कंपन्यांना मनाई केली होती. कारण ज्याच्या रुळांवरून सर्वांना जावें लागतें त्यानें सर्वांशीं सारखें वागलें पाहिजे, हें तत्त्व तेव्हांच मान्य झालें होतें. अगदीं अलीकडचें उदाहरण पुडक्यांवरच्या छापील किंमतीचें. तीच पाण्याची बाटली बाजारांत एका छापील किंमतीला आणि विमानतळावर दुसर्‍या छापील किंमतीला विकली जाई. वजनमापांच्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून एकसारख्या पुडक्यावर अशा दोन कमाल किंमती छापण्यास बंदी झाली. परंतु आज्ञावलीला पुडकें नसतें आणि वर्गणीवर कमाल किंमत छापलेली नसते. म्हणून हा नियम तिला लागत नाहीं. तिच्यासाठीं आधार शोधावा लागतो तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत. त्या कायद्याखालीं २०२० सालीं केंद्रीय प्राधिकरण स्थापन झालें आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं पडद्यावरच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक नियम निघाले. आरंभीं एक किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर ती वाढविणें, वर्गणी घेणें सोपें आणि थांबविणें अवघड करून ठेवणें, अशा तेरा प्रकारांना त्यांत बंदी आहे. यंत्र पाहून भाव बदलणें हा प्रकार त्यांत स्वतंत्रपणें नांवानिशीं आलेला नाहीं. तो यावा, निदान 'आम्ही भाव ठरवितांना या या गोष्टी पाहतों' एवढें जाहीर करणें कंपन्यांवर बंधनकारक व्हावें, अशी मागणी ग्राहक चळवळीनें करावयास हवी. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ज्या महाराष्ट्रांत ही चळवळ वाढली, त्यानेंच या मागणींत पुढाकार घेणें शोभेल.

किंमतींतल्या फरकाखेरीज आणखी एक तोटा आहे, आणि तो डोळ्यांस चट्कन दिसत नाहीं. एका फलाटावर विकत घेतलेली आज्ञावली दुसर्‍या फलाटावर गेल्यास बहुधा पुन्हां विकत घ्यावी लागते. विंडोजवर हिशेबाची आज्ञावली घेतलेल्या व्यापार्‍यानें संगणक बदलला तर पैसे दुबार. अँड्रॉइडवर शब्दकोश विकत घेतलेल्या मुलीच्या हातीं आयफोन आला तरी पैसे दुबार. मराठीला तर या कुलपाचा विशेष त्रास झाला. पूर्वी मराठी टंकाच्या आज्ञावली आपापल्या वेगळ्या सांकेतिक खुणा वापरीत. एकींत लिहिलेला मजकूर दुसरींत उघडला तर निरर्थक अक्षरें दिसत. छापखाना बदलावयाचा तर आज्ञावलीही नवी घ्यावयाची, असा प्रसंग कित्येकांवर आला. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोड या सर्वमान्य संकेतांत देवनागरीचा समावेश झाला, आणि पुढें तो सर्व फलाटांवर रुळल्यामुळें हें कुलूप बरेंच सैल झालें. आज विंडोजवर, अँड्रॉइडवर आणि आयफोनवर मराठी लिहिण्याची सोय मुळांतच असते. तिच्यासाठीं वेगळा पैसा देण्याचें कारण उरलेलें नाहीं. पत्रें, जमाखर्च आणि तक्ते यांसाठीं लिब्रेऑफिस ही आज्ञावली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर फुकट मिळते आणि मराठींतही चालते. केंद्र सरकारनें २०१५ सालीं मुक्त आज्ञावली वापरण्याचें धोरण जाहीर केलें आहे. जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांनीं, ग्रामपंचायतींनीं आणि वाचनालयांनीं संगणक घेतांना त्या धोरणाकडे बोट दाखवावें.

शेवटीं, आज, उद्यां आणि परवां करतां येण्याजोग्या चार व्यावहारिक गोष्टी सांगतों.

फोनमधून कोणतीही वर्गणी घेण्यापूर्वीं त्याच कंपनीचें संकेतस्थळ उघडून तेथली किंमत पाहावी. पुष्कळदां तेथें पैसे भरून तेंच खातें फोनवर वापरतां येतें. पैसे दरमहा आपोआप कापले जाणार कीं काय आणि तें थांबविण्याची वाट कोणती, हें पैसे देण्याआधीं पाहून ठेवावें; नंतर ती वाट सांपडत नाहीं अशी अनेकांची तक्रार असते. यंत्र बदललें तर विकत घेतलेली वस्तु बरोबर येईल काय, हें विचारावें. येणार नसेल तर ती किंमत भाड्याची समजावी, मालकीची नव्हे. आणि एकाच वस्तूचे दोन भाव दिसले तर दोन्ही पडद्यांचीं चित्रें, तारीख आणि वेळ यांसह जपून ठेवावीं.

अशा चित्रांनीं एकट्याचा आरोप सिद्ध होत नसला, तरी शेंकडों लोकांचीं चित्रें एकत्र आलीं म्हणजे चौकशी करणार्‍यास दिशा मिळते. तक्रार राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर सांगतां येते. तेवढ्यानें दाद लागली नाहीं, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातां येतें. दिलेली किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथें फी पडत नाहीं आणि वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं. अडीचशें रुपयांसाठीं इतका खटाटोप कोण करणार, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. एकट्याचे अडीचशें रुपये लहान वाटतात म्हणूनच ते निमूटपणें जातात; आणि लक्षावधि लोकांचे असे निमूटपणें गेलेले रुपये मिळून ज्या रकमा होतात, त्या रकमांसाठीं कंपन्या देशोदेशींच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे झगडत आहेत. त्यांना त्या रकमेचें मोल ठाऊक आहे. तें आपणांसही ठाऊक असलें पाहिजे.